पारवा नावाचा माणूस

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर एसीचा डबा लटकतो. त्याच्यामागे वीतभर जागा आहे. तिथे चार काटक्या, खराट्याचा एक हीर आणि केबलवाल्याने टाकून दिलेला तारेचा तुकडा एवढ्या भांडवलावर पारव्याच्या एका जोडीने संसार मांडलाय. दोन अंडी आहेत. सूनबाईने शनिवारी जाळीवाल्याला बोलावलंय. तिचंही चूक नाही, विष्ठेची धूळ छातीत गेली की फुप्फुसं धरतात आणि मला आधीच दमा. पण ऋचा आणि निनादने घर डोक्यावर घेतलं. शेवटी खटला माझ्याकडे आला.

"आबा, तुम्ही सांगा ना आईला."

"आईचं नंतर बघू. आधी या पाहुण्यांचं नाव काय?"

"कबूतर," निनाद म्हणाला.

"ते घरातलं झालं. शाळेतलं नाव कोलम्बा लिव्हिया. लॅटिनमध्ये कोलम्बा म्हणजे कबूतर आणि लिव्हिया म्हणजे निळसर. आपली ही अंधेरीतली सात मजली इमारत त्याला इमारत वाटतच नाही. त्याला तो समुद्राकाठचा कडा वाटतो आणि एसीमागची जागा म्हणजे कपार. त्याचे पूर्वज तसेच राहायचे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला जी बेटं आहेत ना, तिथे लाटांनी पोखरलेल्या गुहांमध्ये अजून अस्सल रानपारवे राहतात. शहरातल्या पारव्यांचं रक्त जवळजवळ न मिसळलेले असे थवे आता फार कमी उरलेत. आणि गंमत म्हणजे त्याच बेटांवर कोलम्बा नावाचा एक माणूसही राहून गेला."

"पारवा नावाचा माणूस?" ऋचाने ओट्यावर बैठक मारली. गोष्ट सुरू झाल्याची ती खूण.

तर आयर्लंडच्या वायव्य कोपऱ्यात डॉनेगॉल म्हणून मुलूख आहे. तिथे गार्टन नावाच्या तळ्यापाशी ५२१ साली हा मुलगा जन्मला, असं परंपरा सांगते. घराणं राजाचं. मनात आणलं असतं तर हाही राजा झाला असता. लहानपणचं नाव क्रिम्थन म्हणजे कोल्हा. पुढे मठात शिकायला गेला, साधू झाला आणि लोक त्याला कोलुमकिले म्हणू लागले, म्हणजे चर्चमधला पारवा. लॅटिनमध्ये त्याचंच कोलम्बा झालं. माझं विचाराल तर पारव्याच्या पिसांखाली कोल्हा शेवटपर्यंत शिल्लक होता. रागीट, हट्टी, बुद्धीने तल्लख आणि पुस्तक दिसलं की जिभेला पाणी सुटणारा.

त्या काळी आयर्लंडात शहर नव्हतं की नाणं नव्हतं. मठ म्हणजेच शाळा, शेत, दवाखाना आणि ग्रंथालय. याने बरेच मठ काढले. त्यातल्या दोन मठांची नावं ऐका. एक डेरी म्हणजे ओकच्या झाडांची राई, दुसरं डरो म्हणजे ओकचं माळरान. जिथे ओक तिथे मठ. आपल्याकडे देवराईत देऊळ असतं तसंच म्हणा. हा ओक लक्षात ठेवा, गोष्टीत पुढे तो तीनदा येणार आहे.

त्याचे गुरू फिनियन. त्यांच्याकडे स्तोत्रांचं एक दुर्मिळ पुस्तक होतं. कोलम्बाने रात्री जागून ते चोरून उतरवून घेतलं. आख्यायिका म्हणते की दिवा नव्हता म्हणून त्याची बोटंच मेणबत्तीसारखी उजळली. फिनियनना कळलं तेव्हा ते म्हणाले, नक्कल माझी. हा म्हणाला, मेहनत माझी. प्रकरण तारा इथल्या राजाकडे, डिअरमिडकडे गेलं. राजाने निवाडा दिला की गाय ज्याची वासरू त्याचं, तसं पुस्तक ज्याचं नक्कल त्याची.

"म्हणजे कॉपीराइट!" ऋचा म्हणाली.

तेच. आणि त्यावरूनच, असं सांगतात, ५६१ साली कूल ड्रेव्हना इथे खरोखरीची लढाई झाली, माणसं मेली. इतिहासकार सांगतात की राजघराण्यांची जुनी भाऊबंदकी हेही तिचं कारण होतं. पुस्तकाची गोष्ट फार नंतर लिहिली गेलीय, म्हणून ती मी गोष्ट म्हणूनच सांगतो. पण निवाड्यातलं ते वासरू मला भारी आवडतं. कारण तेव्हाचं पुस्तक खरोखरच वासराचं असायचं.

"ई!" निनाद.

ई काय त्यात? कागद तिकडे पोचलाच नव्हता. वासराचं कातडं चुन्याच्या निवळीत भिजवायचं, केस खरवडून काढायचे आणि चौकटीवर ताणून वाळवायचं. ताणलं की कातड्यातले तंतू एकाच पातळीत आडवे बसतात आणि पान गुळगुळीत, पांढरट होतं. कोलम्बाच्या हातचं म्हणून सांगतात ते एक स्तोत्रांचं पुस्तक डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आहे. नाव त्याचं काथाख, म्हणजे लढवय्या, कारण पुढे त्याच्या घराण्याचे लोक ते लढाईत बरोबर न्यायचे. ५८ पानं उरलीत. हात त्याचाच की नाही यावर पंडित भांडतात, पण पुस्तक त्या काळाच्या आगेमागेचंच. चौदाशे वर्षांनंतरही अक्षर वाचता येतं. आता सांगा, एवढी टिकाऊ शाई आली कुठून?

दोघं गप्प. मी म्हटलं, "निनाद, आजीच्या कपाटातून तुझी बाळगुटीची डबी आण."

डबी आली. मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, हिरडा, जायफळ आणि त्यांच्यात एक बोराएवढी, खडबडीत, करडी गोळी. मायफळ. मी भिंग दिलं.

"याला भोक आहे, आबा," ऋचा म्हणाली. "अगदी टाचणीएवढं, पण गोल. कुणीतरी ड्रिल केल्यासारखं."

"ड्रिलच केलंय. ते घराचं दार आहे. मायफळ हे फळ नव्हेच मुळी."

इराण, तुर्कस्तानाकडे ओकची एक जात होते. मुंगीएवढी एक गांधीलमाशी तिच्या कळीत अंडं घालते. अळी बाहेर आली की झाडाला काय भुरळ पडते कोण जाणे, ते पान-फांदी करायचं सोडून अळीभोवती ही गोळी बांधत सुटतं. आतला थर मऊ आणि पौष्टिक असतो. तो अळीचं जेवण. बाहेरचा थर टॅनिनने ठासून भरलेला, इतका तुरट की खायला आलेला दुसरा किडा तोंड वाकडं करून जातो. झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी केलेलं विष आणि त्यात मजेत बसलेली परकी अळी! परक्या घरात राहायचं, त्याच्याच चुलीवर जेवायचं आणि पहाराही त्यालाच द्यायला लावायचा. मोठी झाली की माशी भोक पाडून उडून जाते. ज्या मायफळाला भोक नसतं त्यातली माशी उडण्याआधीच ते तोडलेलं असतं. शाईवाले तेच शोधायचे, कारण त्यात टॅनिन जास्त.

"आणि हे मला पाजलंत?" निनादचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"रोज एक वेढा. सहाणेवर."

आयर्लंडातले ओक वेगळ्या जातीचे आणि माशाही वेगळ्या, पण तत्त्व हेच. ओकच्या गाठी कुटायच्या, पाण्यात भिजवायच्या, त्यात हिराकस म्हणजे लोहाचा क्षार घालायचा. थोडा डिंक. झाली शाई.

मला शिक्षकीची खोड आहे. माझ्या कपाटात व्हिनेगरमध्ये खिळे बुडवलेली एक बाटली कायम असते. सूनबाई तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करते. ऋचाने सहाणेवर मायफळ उगाळलं. पिवळट पाणी आलं. त्यात मी खिळ्यांच्या पाण्याचे चार थेंब सोडले. थेंब पडला तिथे आधी धूर सुटल्यासारखा करडा डाग पसरला, मग जांभळट झाला. निनादने काडी बुडवून वहीच्या कागदावर रेघ ओढली.

"फिकी आहे."

"उद्या सकाळी बघ."

टॅनिन आणि लोह एकत्र आले तरी पुरेसं होत नाही. हवेतला ऑक्सिजन लोहाला भिडला की मग गडद काळा आणि पाण्यात न विरघळणारा रंग तयार होतो. आणि तो होतो कुठे, तर पानात मुरल्यावर, तंतूंच्या आत. वरून नुसता बसलेला नसतो, म्हणून पुसला जात नाही. कोलम्बाच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी अदोम्नान नावाच्या मठाधिपतीने त्याचं चरित्र लिहिलं. त्यात एक गोष्ट आहे. एक तरुण पुस्तकांची चामडी पिशवी काखेत मारून जाताना बॉयन नदीत पडून बुडाला. वीस दिवसांनी तो सापडला, पिशवी काखेतच. सगळी पानं नासली होती आणि कोलम्बाने लिहिलेलं पान मात्र जसंच्या तसं. शाई टिकली हे मी तुम्हाला समजावू शकतो. बाकीची पानं का नासली, तीही तशाच शाईची असणार, हे माझ्या बाटलीतले खिळे सांगत नाहीत. अदोम्नानचा तो मुद्दा मी त्याच्यापाशी ठेवतो.

लढाईनंतर दोन वर्षांनी, ५६३ साली, कोलम्बाने देश सोडला. प्रायश्चित्त म्हणून म्हणा किंवा धर्मप्रसारासाठी म्हणा, दोन्ही सांगतात. वय बेचाळीस. बरोबर बारा जण. आणि होडी कातड्याची!

"पुन्हा कातडं?"

पुन्हा. आणि पुन्हा ओक. लाकडी काड्यांचा सांगाडा, त्यावर बैलाची कातडी शिवलेली. पण पुस्तकाचं कच्चं कातडं पाण्यात सडेल. होडीचं कमवावं लागतं. ओकची साल पाण्यात टाकून त्यात कातडं महिनोन्‌महिने बुडवून ठेवायचं. आपल्याकडे चांभार बाभळीची साल वापरायचे, तसंच. सालीतलं टॅनिन कातड्याच्या तंतूंना एकमेकांशी बांधून टाकतं आणि सडवणाऱ्या जिवाणूंना त्यात शिरकाव राहत नाही. म्हणजे पानावर टॅनिन काळं होतं आणि होडीत तेच टॅनिन कुजणं अडवतं. वरून मेंढीच्या लोकरीची चरबी चोपडायची.

अशा होडीवर लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा टिम सेव्हरिन नावाच्या एका दर्यावर्दीने १९७६ मध्ये तशीच होडी बांधली. ओकच्या सालीत कमावलेली ४९ बैलांची कातडी, तागासारख्या जवसाच्या दोऱ्याने शिवलेली, लांबी ३६ फूट. आयर्लंडहून निघाला, हिवाळ्यात आइसलँडला थांबला आणि १९७७ च्या जूनमध्ये थेट कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाला जाऊन टेकला. वाटेत हिमखंडाने कातडं फाडलं तर बाहेर लटकून ठिगळ लावलं! लाकडी होडी असती तर फळी कुठून आणली असती? कोलम्बाला एवढं लांब जायचं नव्हतं. तो स्कॉटलंडच्या आयोना बेटावर उतरला.

आयोना पाच-साडेपाच किलोमीटर लांब.  पण दगड म्हणाल तर थोर. तिथला खडक नाइस.

"नाइस!" निनाद ओरडला.

हो, हा विनोद मी पस्तीस वर्षं वर्गात ऐकलाय, तरी हसतो. नाइस नावाचा खडक, पट्ट्यापट्ट्यांचा. आयोनाचा हा खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना. तो जमिनीच्या पोटात दाबला, भाजला, पिळला गेला तेव्हा पृथ्वीवर ना झाड होतं, ना मासा. आणि मधली जेमतेम दीड किलोमीटरची खाडी ओलांडली की मल नावाचं मोठं बेट लागतं. तिथे सगळं वेगळं. पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, काळा बेसॉल्ट. लोणावळ्याच्या घाटात दिसतात तशाच पायऱ्या. कारणही तेच, लाव्हा थरावर थर वाहत आला आणि गोठला. आपला दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, मलचा साधारण सहा कोटींचा. आमच्या हिशेबात ही दोघं सख्खी नाहीत तरी मावसभावंडं.

"परवा गिल्बर्ट हिलवर गावदेवीच्या देवळात गेलो होतो, आठवतं? त्या टेकडीचे उभे खांब?"

"पेन्सिलींचं खोकं," ऋचा म्हणाली.

तसंच पेन्सिलींचं खोकं आयोनाच्या उत्तरेला दहा किलोमीटरवर समुद्रात उभं आहे. स्टाफा बेट. लाव्हा थंड होताना आकसतो, आकसताना भेगा पडतात आणि सगळीकडे सारखा ताण असेल तर भेगांचं भांडण षटकोनात मिटतं. पाणी आटलेल्या तळ्याचा चिखल भेगाळतो ना, तोच नियम, फक्त इथे भेगा आत खोल सरकत गेल्या आणि खांब झाले. कोलम्बा होडीतून जाताना ते बघत असणार. त्याबद्दल काही लिहिलेलं मात्र नाही. त्याला दगडापेक्षा पाखरात रस.

आता अदोम्नानच्या चरित्रातली माझ्या आवडीची गोष्ट. कोल्हा आणि करकोचा माहीत आहे?

"सपाट ताटलीत खीर," दोघं एकदम.

ही दुसरी. यातला कोल्हा म्हणजे आपला क्रिम्थन. एके दिवशी त्याने एका साधूला बोलावलं आणि म्हणाला, आजपासून तिसऱ्या दिवशी बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊन बस. दुपारी तीननंतर एक पाहुणा येईल. आयर्लंडच्या उत्तरेकडून आलेला क्रौंच. वाऱ्याने इकडून तिकडे फेकलेला, पार थकलेला. तुझ्यासमोर किनाऱ्यावर कोसळेल. हळूच उचल, जवळच्या घरात ने, तीन दिवस तीन रात्री खाऊपिऊ घाल. मग त्याला राहावंसं वाटणार नाही, तो घरी जाईल. माझ्या गावाकडचा आहे तो, म्हणून सांगतो.

तसंच झालं. साधूने त्याला कडेवर उचलून नेलं. पाच-सहा किलोचा पक्षी, पंख पसरले तर दोन मीटरच्या वर. कल्पना करा, ऋचाएवढा उंच पाहुणा! तीन दिवस पाहुणचार झाला. मग क्रौंच यजमानासमोरच उडाला, उंच चढला, वर हवेत थोडा वेळ वाटेचा अंदाज घेतला आणि शांत हवेच्या दिवशी समुद्र ओलांडून सरळ रेषेत आयर्लंडला गेला.

भविष्य कसं कळलं ते सोडा. मला अडकवतो तो शेवट. आधी उंच चढला, मग अंदाज घेतला, मग सरळ गेला आणि तेही वारा नसताना. हे लिहिणाऱ्याने, किंवा त्याला सांगणाऱ्याने, क्रौंच उडताना डोळ्यांनी पाहिलाय. नाहीतर चमत्काराच्या गोष्टीत हवामानाची नोंद कोण करतो?

क्रौंच जड पक्षी. पंख हलवत लांब जाणं त्याला महाग पडतं. ऊन पडलं की जमीन तापते, तापलेली हवा वर चढते. क्रौंच त्या वर जाणाऱ्या हवेत घिरट्या घालत फुकटात उंच जातो आणि तिथून उतरत्या घसरगुंडीने पुढचा टप्पा गाठतो. मग पुन्हा नवी लिफ्ट. पण समुद्र जमिनीसारखा पटकन तापत नाही. पाण्यावर लिफ्ट बंद! प्रत्येक मीटर पंखांच्या जोरावर काढावा लागतो. आयर्लंडच्या उत्तर टोकापासून आयोना शंभर-सव्वाशे किलोमीटर, वाटेत एखाद-दुसरं बेट सोडलं तर पाणीच. त्यात वारा आडवा आला की चरबी संपते, मग स्नायू खर्ची पडतात आणि पाखरू किनारा दिसताच कोसळतं. अशा पाखराला औषध लागत नाही. अन्न, पाणी आणि कुणी छेडणार नाही अशी जागा, एवढंच. तीन दिवस हा आकडाही अगदीच हवेतला नाही. लांब पल्ल्याचे पक्षी वाटेतल्या मुक्कामात दोन-चार दिवस चरून पुन्हा निघतात.

"आपल्याकडे पण क्रौंच होता ना? वाल्मीकींचा?" ऋचाने बरोबर पकडलं.

होता. त्याला बाण लागला आणि त्यातून काव्य जन्मलं. आयोनाचा क्रौंच वाचला, म्हणून त्याच्यावर महाकाव्य कुणी लिहिलं नाही. आहे ते पुस्तकातलं पानभर. काही पंडित म्हणतात की तो बगळा असेल, कारण आयर्लंडमध्ये लोक बगळ्यालाही क्रौंचच म्हणतात. म्हणोत. कोलम्बाच्या काळी तिकडे खरे क्रौंच भरपूर होते. पुढे माणसांनी मारून खाल्ले, दलदली सुकवल्या आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या सुमारास ते संपले. गेल्या काही वर्षांत मात्र, जळणासाठी खणून उजाड केलेली एक दलदल पुन्हा पाण्याखाली आणली आणि तिथे क्रौंचाची जोडी येऊन घरटं करू लागली. कुणी बोलावलं नव्हतं. पाणी आलं, तीही आली.

"आबा, स्कॉटलंडला तो राक्षस असतो ना? लॉख नेसचा?" निनाद केव्हापासून वाट बघत होता.

त्याचीही सगळ्यात जुनी गोष्ट याच पुस्तकात, फक्त ती तळ्याची नसून तळ्यातून निघणाऱ्या नेस नदीची. एक साधू पलीकडची होडी आणायला पोहत जात होता, पाण्यातून एक जनावर तोंड वासून धावलं. कोलम्बाने हात उंचावून त्याला माघारी जायला सांगितलं आणि ते गेलं. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या नील जेमेल नावाच्या शास्त्रज्ञाने या तळ्याचं पाणी ठिकठिकाणाहून बाटल्यांत भरून नेलं. पाण्यात जो जो जीव राहतो तो कातडीचे कण, विष्ठा, काहीबाही सोडतोच आणि त्यातून त्याचा डीएनए ओळखता येतो. निकाल आला तेव्हा सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही. निघाला तो ढीगभर वाम माशाचा डीएनए. निनादचं तोंड पडलं. वाम खूप मोठा होतो, असं मी सांगून पाहिलं, पण उपयोग झाला नाही.

चौतीस वर्षं कोलम्बा आयोनाला राहिला. राजांना भेटला, मठ काढले, सातू पिकवला आणि लिहीत राहिला. ५९७ च्या जूनमधला शेवटचा दिवस अदोम्नानने असा लिहिलाय की तारीखवार डायरीच वाटते. शनिवार होता. म्हातारा कोठारापर्यंत जाऊन आला, दमला आणि वाटेत बसला. तेवढ्यात मठाचा पांढरा घोडा आला. गोठ्यातून दुधाची भांडी वाहून आणायचा तो. त्याने कोलम्बाच्या छातीवर डोकं ठेवलं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. नोकर हाकलायला धावला. कोलम्बा म्हणाला, राहू दे.

"घोडे रडतात?" ऋचा.

डोळ्यांत पाणी येतं. धूळ, माशी, काहीही गेलं की डोळा धुवायची ती सोय आहे. दुःखाने अश्रू गाळणं, आज जेवढं कळलंय त्याप्रमाणे, माणसाचंच. पण घोडा माणसाचा चेहरा वाचतो, हे प्रयोगात दिसलंय. रागावलेल्या माणसाचा फोटो दाखवला तरी त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात. रोज दूध घेऊन जिथे जायचं तिथला म्हातारा आज वेगळा बसलाय, वेगळा श्वास घेतोय, एवढं त्या घोड्याला कळलं असेल तर मला नवल वाटणार नाही.

मग तो टेकडीवरच्या झोपडीत गेला आणि स्तोत्रांची नक्कल पुढे लिहायला बसला. नक्कलच, आयुष्यभराची सवय. एका स्तोत्राच्या मधोमध पानाचा तळ आला. तिथे थांबला, म्हणाला, पुढचं माझा सोबती बैथीन लिहील. मध्यरात्रीनंतर, म्हणजे ९ जूनला, प्रार्थनेच्या वेळी चर्चमध्ये गेला.

"त्या झोपडीचं काय झालं?" निनादला वस्तूंची काळजी.

त्याची गोष्ट आगपेटीत आहे! आयोनाच्या मठासमोर खडकाचा एक उंचवटा आहे, त्याचं नाव टॉर अन आबा.

"आबा?!"

हो, आबा. तिकडच्या भाषेत त्याचा अर्थ मठाधिपती, आणि त्याचं मूळ वडील या अर्थाच्या एका फार जुन्या शब्दात आहे. आपल्या आबांशी त्याचं नातं मी जोडत नाही, नुसता मिरवतो. तर १९५७ मध्ये चार्ल्स थॉमस नावाच्या उत्खननकाराने तिथे खणलं. जळलेल्या झोपडीचे अवशेष सापडले, हेझेलच्या काटक्यांचा कोळसा. चॉकलेटमध्ये जो हेझेलनट खाता, त्याच झुडपाच्या काटक्या. तेव्हा कोळशावरून वय काढायची युक्ती नवीन होती आणि नमुना भरपूर लागायचा. थॉमसने तो कोळसा आगपेट्यांमध्ये भरला आणि जपून ठेवला. गॅरेजमध्ये. पन्नासहून जास्त वर्षं.

पुढे ग्लासगो विद्यापीठाच्या लोकांनी त्या आगपेट्या उघडल्या. झाड जिवंत असतं तोवर हवेतला कर्ब घेत राहतं आणि त्यात किंचितसा किरणोत्सारी कर्ब-१४ असतो. झाड तोडलं की आवक बंद, नुसतीच गळती. ५७३० वर्षांत निम्मा उरतो. किती उरलाय ते मोजायचं आणि मागे मोजत जायचं. २०१७ साली उत्तर जाहीर झालं. काटक्या ५४० ते ६५० या काळात तोडलेल्या. कोलम्बा आयोनाला होता ५६३ ते ५९७. त्यातच बसतो.

"म्हणजे त्याचीच झोपडी!"

"तेवढं म्हणता येत नाही. त्याच्या काळातली, त्या आबांच्या टेकडीवरची, आणि पुस्तकात जिथे सांगितलीय तशा जागची. मी शिक्षक आहे, पूर्ण मार्क देत नाही."

बाहेर एसीमागे पारवीने अंडी उलटीपालटी केली आणि पुन्हा बसली. ऋचा बराच वेळ तिच्याकडे बघत होती.

"आबा, क्रौंचाला तीन दिवस लागले. हिला किती?"

"अंडी अठरा दिवसांत फुटतील. पिल्लं उडायला आणखी महिना, पाच आठवडे. आणि पहिले काही दिवस आईबाप दोघंही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखं काहीतरी तयार करून पाजतात. बापसुद्धा."

"बापसुद्धा," तिने स्वयंपाकघरात आलेल्या आईला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं.

आईने हात पुसत सहाणेकडे, खिळ्यांच्या बाटलीकडे आणि ओट्यावर पडलेल्या काळ्या डागाकडे बघितलं. मग खिडकीकडे. "तोवर ही खिडकी उघडायची नाही. आणि आबा मास्क लावतील," ती म्हणाली. "त्यानंतर मात्र जाळी."

निनादने काडी शाईत बुडवली आणि जाळीवाल्यासाठी चिठ्ठी लिहिली: काका, दीड महिन्याने या. अक्षरं इतकी फिकी की दिव्याखाली तिरकं धरून वाचावी लागली. त्याने ती दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली. सकाळी सहाला तो मला उठवायला आला, हात धरून दारापाशी घेऊन गेला. अक्षरं काळी कुळकुळीत झाली होती.